वणव्याच्या गाण्यांची बैठक कशी भरवायची

गाण्यांच्या कुठल्याही ॲपमध्ये ‘वाइल्डफायर’, म्हणजे वणवा, एवढंच टाकून बघा. सत्तरच्या दशकातलं अमेरिकन घोड्याचं गाणं, लंडनचं इलेक्ट्रॉनिक, गिटारवरचं हळवं प्रेमगीत, जपानी मेटल, सगळं एका रांगेत समोर येतं. बैठक भरवणाऱ्याला वाटतं, झालं, यादी आयतीच मिळाली. ती यादी जशीच्या तशी वाजवली तर चौथ्या गाण्यापर्यंत अर्धा हॉल मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. नाव सारखं असलं तरी या गाण्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

तरीही हा विषय नाशिकमध्ये घ्यावाच असं माझं मत आहे. फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज, तिकडे त्र्यंबक रस्त्याला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, यातला कुठला ना कुठला डोंगर पेटलेला असतो. आपण गच्चीवरून बघतो, फोटो काढतो आणि खाली येऊन जेवतो. या आगीला लोकांनी गाण्यात कसं घेतलं ते ऐकायचं आणि त्याच संध्याकाळी आपल्या डोंगरावरच्या आगीबद्दलही बोलायचं, अशी दीड तासाची बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये सहज होते. ती कशी जमवायची ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: आग गाण्यात काय करते ते बघा

गाणी नावावरून निवडू नका. प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारा: यातली आग काय करते? उत्तरावरून गाण्यांचे चार ढीग पडतात. आग नुसती नावाला असलेली गाणी, आग म्हणजे माणूस किंवा प्रेम अशी गाणी, आग म्हणजे पसरणारा द्वेष किंवा पेटलेली चळवळ अशी गाणी, आणि खरोखरच जंगल जळतंय अशी गाणी. चौथा ढीग फार लहान निघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या ढिगासाठी मायकल मार्टिन मर्फीचं १९७५ सालचं ‘वाइल्डफायर’ घ्या. ते त्याने लॅरी कॅन्सलरबरोबर लिहिलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. या गाण्यात आग कुठेच नाही. वाइल्डफायर हे एका घोड्याचं नाव आहे. नेब्रास्कातली एक मुलगी बर्फाच्या वादळात, तबेला मोडून पळालेल्या त्या घोड्याला हाका मारत जाते आणि तिथेच मरते. सांगणारा एक शेतकरी आहे. त्याचं पीक थंडीने हातचं गेलंय, खिडकीबाहेर सहा दिवस घुबड घुमतंय, आणि आता ती मुलगी त्याच घोड्यावर बसून आपल्याला न्यायला येईल याची तो वाट बघतोय. नावात एवढी आग आणि गाण्यात सगळा गारठा. बैठकीची सुरुवात याच गाण्याने करा. लोक ज्वाळांची वाट बघत बसतात आणि पहिल्याच गाण्यात त्यांना बर्फ मिळतो. मग पुढच्या प्रत्येक गाण्यात ते आपणहून आग शोधायला लागतात.

हे गाणं ‘ब्लू स्काय – नाइट थंडर’ या अल्बममधलंच लावा, म्हणजे सुरुवातीचा पियानो पूर्ण ऐकायला मिळेल. तो पियानो रशियन संगीतकार स्क्रियाबिनच्या एका प्रिल्यूडवर बेतलेला आहे (ओपस ११, क्रमांक १५). पाश्चात्त्य शास्त्रीय शिकणारं कुणी समोर असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.

प्रेमाच्या गाण्यांना आवर घाला

दुसरा ढीग सगळ्यात मोठा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कंटाळवाणा. ‘तू आलीस आणि मी पेटलो’ याच्या पलीकडे यातली बरीच गाणी जात नाहीत. दोनपेक्षा जास्त घेऊ नका.

एक ‘वाइल्डफायर’ घ्या सबट्रॅक्ट या लंडनच्या संगीतकाराचं, २०११ च्या पहिल्या अल्बममधलं. आवाज स्वीडनच्या लिटल ड्रॅगन बँडच्या युकिमी नागानोचा आहे. यातली आग म्हणजे हाताला न लागणारी व्यक्ती. पण त्या गाण्याचा सगळा जीव खालच्या, डुगडुगणाऱ्या बेसमध्ये आहे. तुमच्याकडे सबवूफर नसेल तर ते सोडून द्या, लॅपटॉपच्या स्पीकरवर ते नुसतं कुरकुरतं. दुसरं घ्या सीफ्रेट या इंग्लंडमधल्या जोडीचं, २०१६ च्या अल्बममधलं. साधं गिटारवरचं गाणं, कुठल्याही स्पीकरवर चालतं.

जॉन मेयरचं घ्यायचं असेल तर जरा डोळे उघडे ठेवा. त्याच्या २०१३ च्या ‘पॅराडाइज व्हॅली’ या अल्बमवर ‘वाइल्डफायर’ याच नावाची दोन गाणी आहेत. एक सुरुवातीलाच येणारं, उन्हाळी रात्रीचं, टाळ्यांच्या ठेक्यावरचं, आणि दुसरं फ्रँक ओशन गातो ते छोटंसं. यादीत नुसतं नाव लिहून ठेवलं आणि ऐन वेळी मित्राला ‘लाव रे पुढचं’ म्हटलं की तो हमखास नको तेच लावतो. म्हणून नावाच्या बरोबरीने गायक, अल्बम, साल आणि अल्बममधला क्रमांक, सगळं लिहा.

तिसऱ्या ढिगावर वेळ घालवा

बैठक जमते ती इथे. मँडोलिन ऑरेंज या नॉर्थ कॅरोलायनातल्या जोडीचं २०१६ च्या ‘ब्लाइंडफॉलर’ अल्बममधलं ‘वाइल्डफायर’ हे या सगळ्या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं गाणं. (२०२१ मध्ये त्यांनी नाव बदलून वॉचहाउस केलं, त्यामुळे ॲपवर नव्या नावाखाली शोधा.) गाणं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या जोसेफ वॉरनच्या मरणापासून सुरू होतं. तिथून ते यादवी युद्धापर्यंत आणि मग गाणाऱ्याच्या आपल्या पिढीपर्यंत येतं. युद्ध संपलं तरी मनातला द्वेष विझला नाही, तो वणव्यासारखा पसरत राहिला, एवढंच त्यात म्हटलंय. आवाज कुठेही चढत नाही. दोन माणसं अंगणात बसून गातायत असं वाटतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

त्याच्यानंतर लगेच सॉल्ट या ब्रिटिश समूहाचं ‘वाइल्डफायर्स’ लावा. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर निदर्शनं पेटली होती, त्या २०२० च्या जून महिन्यात आलेल्या अल्बममधलं हे गाणं. इथे रूपक तेच आहे, पण बाजू उलटी. आधीच्या गाण्यात पसरणारी आग म्हणजे द्वेष होता. इथे आगीतून चालत जाणारे लोक आहेत, न विझणारे. ही दोन गाणी पाठोपाठ ऐकवली की समजावून सांगायची गरज पडत नाही. मध्ये बोलू नका, अगदी नावही सांगू नका. दोन्ही संपल्यावर बोला.

आता आपल्याकडचं. याच ढिगात लोककवी वामनदादा कर्डकांचं ‘तुफानातले दिवे’ आणा. वामनदादा १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले आणि २००४ मध्ये नाशिकमध्येच वारले. आंबेडकरी चळवळीतलं त्यांचं हे गाणं वादळात न विझणाऱ्या दिव्यांचं आहे, वणव्याचं नाही. तरी सॉल्टच्या गाण्यानंतर ते ऐकलं की दोन्ही गाणी एकमेकांना ओळखतात असं वाटतं. शक्य असेल तर हे रेकॉर्डवरून वाजवू नका, ढोलकी-पेटी घेऊन कुणाला तरी गायला बसवा. नाशिकमध्ये हे गाणं तोंडपाठ असलेली माणसं शोधावी लागत नाहीत. आणखी एक मराठी हवं असेल तर ‘सिंहासन’ चित्रपटातलं सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’ आहे: हृदयनाथ मंगेशकरांची चाल, आशा भोसलेंचा आवाज आणि त्यात पेटवायला सांगितलेल्या मशाली. दोन्ही घेतलीत तर प्रेमगीतांतलं एक कापा.

चौथा ढीग: खरी आग

इथे यादी एकदम तोकडी होते. गाणाऱ्यांना आग रूपक म्हणून फार आवडते, बातमी म्हणून फारशी नाही. बिली आयलिशचं २०१९ चं ‘ऑल द गुड गर्ल्स गो टू हेल’ घ्या. वरवर ते सैतान आणि देवदूतांचं गाणं आहे, पण त्यात कॅलिफोर्नियातल्या जळत्या टेकड्या येतात आणि समुद्राचं वाढतं पाणीही येतं. ती स्वतः लॉस एंजेलिसची, म्हणजे टेकड्या लांबून बघून लिहिलेल्या नाहीत.

घडलेल्या आगीवर गाणं कसं लिहावं याचा उत्तम नमुना हवा असेल तर तो जंगलाबाहेरच सापडतो. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोला फ्रँक झापाच्या कार्यक्रमात प्रेक्षकातल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. बँड तिथेच रेकॉर्डिंगला आलेला होता. कोण होतं, काय झालं, धूर कुठे गेला, हे गाणं सरळ सांगत जातं. वणव्याच्या बैठकीत ते बसत नाही, पण तुमच्या गटात कुणी गाणी लिहिणारं असेल तर घरी त्याला ऐकायला लावा. बैठकीत ते लावलंत तर सगळी पोरं त्या गिटारच्या धूनमागे जातील आणि विषय तिथेच संपेल.

या ढिगात गाण्यांऐवजी पाच मिनिटं एक माहिती सांगा. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. १४ मार्चला मेलबर्न आणि सिडनीत एकाच दिवशी मदतीसाठी मोठे कार्यक्रम झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये सिडनीत पुन्हा तसाच कार्यक्रम झाला. त्यात क्वीन या ब्रिटिश बँडने गायक ॲडम लँबर्टबरोबर १९८५ च्या लाइव्ह एड या मदत-कार्यक्रमातलीच आपली गाणी त्याच क्रमाने वाजवली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीनंतर तिथे दोन सभागृहांत मिळून कार्यक्रम झाला आणि त्यात बिली आयलिशही होती. या कार्यक्रमांत वाजलेली बहुतेक गाणी आगीवरची नव्हती. लोकांनी नेहमीची आवडती गाणी ऐकली आणि मदतीला पैसे दिले.

आपला डोंगर

मध्यंतरात चहा झाला की वणवा विझवायला जाणाऱ्या कुणालातरी दहा मिनिटं द्या. वनखात्यातले वनरक्षक, अंजनेरी-ब्रह्मगिरीला जाणारे ट्रेकर, टेकड्यांवर झाडं लावणारे गट, यातलं कुणीतरी ओळखीत निघतंच. त्यांना भाषण करायला सांगू नका, ठरावीक तीन गोष्टी विचारा: आग लागते कशी, विझवता कशी, आणि मागे काय राहतं.

ही उत्तरं तुम्हालाही ठाऊक असलेली बरी. आपल्याकडचा वणवा बहुतांशी जमिनीलगत चालतो. वाळलेलं गवत आणि पाचोळा जळत जातो, क्वचितच झाडाच्या शेंड्याला आग पोचते. म्हणून रात्री लांबून डोंगरावर केशरी रेघ सरकताना दिसते. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात शेंड्यावरून शेंड्यावर उडणारी आग असते, आणि इंग्रजी गाण्यांतली भिंतीएवढी ज्वाळा तिथून आलेली आहे. हे कळलं की श्रोत्यांना आधी ऐकलेली गाणी वेगळी वाटायला लागतात, कारण आपल्या डोंगरावर बघितलेलं चित्र त्यात कुठेच नसतं.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वणवा माणसाच्या हातून लागतो. विडीचं थोटूक, पार्टीची शेकोटी, बांध जाळताना सुटलेली आग, आणि जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा समज. आग चढावर वेगाने जाते, कारण खालच्या ज्वाळेने वरचं गवत आधीच तापलेलं असतं. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, हे श्रोत्यांत ट्रेकिंगवाली पोरं असतील तर ठासून सांगायला हवं. विझवणारे ओल्या फांद्यांनी कडेकडेने झोडपत जातात. गवत वाळलं की आग लागण्याआधीच गवत काढून पट्टा मोकळा करतात, त्याला जाळरेषा म्हणतात. अंजनेरीवर सापडणारी कंदीलपुष्पाची एक जात जगात मोजक्याच ठिकाणी आहे, आणि पावसाळ्यात उगवणारं तिचं रोप उन्हाळाभर कंदाच्या रूपाने मातीखाली असतं. ही एक गोष्ट ऐकली की लोक चहाचा कप खाली ठेवतात.

वनखात्याचा १९२६ हा नि:शुल्क क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आग शहराला लागून असेल तर अग्निशमन दलाचा १०१ आहेच. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेल्या आगी नकाशावर दिसतात. प्रोजेक्टर असेल तर त्या आठवड्यातला नाशिक जिल्हा उघडून दाखवा.

तारीख, हॉल, परवानगी

तारीख मार्चमधली बघा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीच्या आसपास, नाशिकमधले हॉल आणि ऐकणारी माणसं दोन्ही मिळत नाहीत. रंगपंचमीही टाळा. त्या दिवशी जुन्या नाशिकमध्ये रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडलेल्या असतात, कुणी बैठकीला येणार नाही, आणि आलंच तर तुमच्या सतरंज्या रंगतील.

सोसायटीच्या सामायिक हॉलमध्ये रहिवाशांसाठी, किंवा नफा न कमावणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात, रेकॉर्ड ऐकवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. कॅफेत, हॉटेलात किंवा तिकीट लावून करायचं असेल तर परवाना लागतो. शब्द-संगीतासाठी आयपीआरएस आणि रेकॉर्डिंगसाठी पीपीएल या संस्थांकडे चौकशी करा. ॲपची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, त्यामुळे कार्यक्रम मोठा होणार असेल तर सीडी किंवा विकत घेतलेल्या फाइली बऱ्या. गाण्यांचे शब्द छापून वाटू नका. प्रत्येक गाण्याचा मराठीत चार ओळींचा आशय तुमच्या भाषेत लिहा, तोच वाचा.

रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हे तुम्हाला सांगायला नको. साडेसहाला सुरू केलं की आठ-सव्वाआठला मोकळे होता, आणि स्वयंपाक टाकून आलेल्यांचीही सोय होते.

आवाज

साऊंडवाल्याला बोलवायची गरज नाही. दोन बरे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून आठ-दहा फुटांवर. फरशीच्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा. ती घुमली तर जाड सतरंज्या पसरा आणि मागच्या भिंतीला चादरी टांगा. १९७५ चं गाणं आणि २०११ चं गाणं पाठोपाठ लावलं की दुसरं अंगावर येतं, कारण नव्या गाण्यांची पातळीच वर ठेवलेली असते. ॲपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते, ती चालू करा. गाण्यात गाणं मिसळण्याची सोय बंद करा, नाहीतर मर्फीचा शेवट कापला जाईल. गाणी आधी डाऊनलोड करून ठेवा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. ऐन सॉल्टच्या गाण्यात बँकेचा ओटीपी वाजलेला मी ऐकला आहे.

बोलणं आणि शेवट

सॉल्टचं सोडून प्रत्येक गाण्याआधी एका मिनिटाच्या आत उरका. साल, कोण, कुठलं, आणि ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचं ते एक. चर्चा दोनदाच ठेवा, तिसऱ्या ढिगानंतर आणि डोंगराच्या बोलण्यानंतर. कुणीतरी तानसेन आणि दीपक राग काढणारच. काढू द्या, पण दीपकाने पोळलेल्या तानसेनला मल्हार गाऊन शांत करणाऱ्या वडनगरच्या ताना-रिरीपर्यंत गोष्ट गेली की हसतमुखाने पुढचं गाणं लावा, कारण तिला शेवट नाही.

शेवटचं गाणं ‘अमर प्रेम’मधलं ‘चिंगारी कोई भड़के’. आनंद बक्षींचे शब्द, राहुल देव बर्मन यांचं संगीत, किशोरकुमारचा आवाज. ठिणगी पडली तर श्रावण विझवेल, पण श्रावणानेच आग लावली तर ती कोण विझवणार, असा प्रश्न त्यात आहे. चालही भैरवीतली आहे, त्यामुळे बैठक कुठे संपवायची हा प्रश्न आपोआप सुटतो.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप गटावर यादी टाका, गायक-अल्बम-सालासकट, आणि त्याच मेसेजमध्ये त्या वनरक्षकाची किंवा ट्रेकरची पुढच्या जाळरेषेच्या कामाची तारीख. त्याला आधी विचारून घ्या, कारण असं काम पहाटे सुरू होतं आणि हातमोजे, पाणी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बूट न घेता आलेल्या पोरांना तो परत पाठवतो.